आईला गाडी लागते, मग सेडान की एसयूव्ही?

गोव्यात महागडी गाडी घ्यायचं ठरलं की सल्ला मागायला कुठे जावं लागत नाही, तो आपल्या पायांनी घरी येतो. आणि तो बहुतेक एकच असतो: "एसयूव्ही घे. आपले रस्ते बघ, आपला पाऊस बघ." सल्ला वाईट नाही. पाऊस खरंच तसा आहे आणि रस्ते तर आहेतच आहेत. तरी मी सेडान घेतली. ती का घेतली हे सांगताना एसयूव्हीच्या पदरात जे पडायला हवं ते पाडीन, एवढं पथ्य पाळायचा प्रयत्न करतो. जमेलच असं नाही.

दोन्ही गाड्या आधी उसन्या मिळाल्या, म्हणून हे लिहिता येतंय. सेडान आतेभावाची. बीएमडब्ल्यू ३ सीरीज, तिची लांब केलेली ग्रॅन लिमोझिन, ३३०एलआय. तो बोटीवर असतो, महिनोन्‌महिने घरी नसतो, आणि जाताना चावी माझ्याकडे देऊन जातो. "उभी ठेवू नको, बॅटरी बसेल. चालव." अशा आज्ञा मी सहसा मोडत नाही. एसयूव्ही मेहुण्याची, म्हापशाची. जवळपास त्याच किमतीची, सात आसनांची, डिझेल. तिचं नाव घेत नाही, कारण माझी तक्रार त्या कंपनीशी नाही, त्या उंचीशी आहे. मेहुण्याला सेडान चालवून बघायची होती आणि मला एसयूव्ही, म्हणून काही दिवस अदलाबदल केली. आतेभावाला फोन करून विचारलं तर म्हणाला, "ठोकू नका म्हणजे झालं."

घोडे, सेकंद, स्पीकर किती, सनरूफ किती मोठं, हे तुम्ही आधीच वाचून बसला असाल. पुढच्या गोष्टीला लागतात तेवढेच आकडे सांगतो. ही लांब ३ सीरीज भारतात २०२१ च्या जानेवारीत आली. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २९६१ मिलिमीटर, म्हणजे साध्या ३ सीरीजपेक्षा ११० मिलिमीटर जास्त. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २५८ अश्वशक्ती, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क आणि तो १५५० आरपीएमपासूनच हाताशी. गिअरबॉक्स आठ गिअरचा ऑटोमॅटिक. जोर मागच्या चाकांना. यातला चाकांमधल्या अंतराचा आकडा लक्षात ठेवा, तो एकदा तुमच्या विरुद्ध जातो आणि एकदा तुमच्या बाजूने येतो.

फोंड्याहून पणजीचा रस्ता आम्हा लोकांच्या पायाखालचा. फर्मागुडीचा चढ-उतार, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, मग भोमला रस्ता आक्रसतो, पुढे बाणस्तारीचा पूल आणि जुने गोवे. या रस्त्यावर सेडानचा पहिला अनुभव जरा निराश करणारा होता, खोटं कशाला बोलू. खूप ऐकलेलं असतं, आपण आत बसतो, आणि गाडी काहीच करत नाही. शांतपणे जाते. कदंबच्या बसमागे तीसच्या वेगाने जाताना अडीचशे घोडे कुठे बांधून ठेवलेत ते कळत नाही. मग बाणस्तारीच्या अलीकडे बस बाजूला झाली आणि मी पाय जरा दाबला. गिअर कधी पडला ते समजलं नाही, आवाज फार चढला नाही, बस मात्र आरशात लहान झाली होती. या गाडीचं कौतुक करायचं तर याचंच करावं लागेल. ती चालकाला घाई करायला लावत नाही. ओव्हरटेकला जागा मिळेल की नाही, समोरचा ट्रक किती लांब आहे, हा जो हिशेब आपण सतत डोक्यात मांडत असतो तो निम्म्यावर येतो.

स्टिअरिंगबद्दल लोक फार लिहितात. मला एवढंच सांगता येईल की वळणात स्टिअरिंग एकदा धरलं की पुन्हा दुरुस्त करावं लागत नाही. जेवढं वळवलं तेवढीच गाडी वळते आणि वळण संपेपर्यंत तशीच राहते. वजन पुढे-मागे जवळजवळ सारखं विभागलेलं आहे आणि पुढच्या चाकांकडे फक्त वळायचं काम आहे, ढकलायचं काम मागच्यांचं. त्याचा हा परिणाम असावा. हे वाक्य जरा लक्षात असू द्या, घाटात त्याची गरज पडणार आहे.

एसयूव्हीत बसलो तर पहिल्या दहा मिनिटांत मी जवळजवळ फितूर झालो होतो. बसायची उंची! भोमच्या गर्दीत पुढच्या चार गाड्यांपलीकडे काय चाललंय ते दिसतं. गुरं रस्त्यात बसली असतील तर लांबून कळतं. खड्डा आला तरी पोटात गोळा येत नाही, मोठं चाक तो गिळून टाकतं. डिझेलचा जोर खालपासून असतो, त्यामुळे शहरात ती कुठेच कमी पडत नाही. एक खटकलं ते रुंदीचं. आमच्या गावातल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे आहेत, आणि समोरून दुसरी गाडी आली की आरसे मिटून श्वास रोखून जावं लागतं. सेडान पावणेपाच मीटरहून लांब आहे, पण त्या बोळातून ती सुखाने जाते. लांबीचा त्रास तिला पार्किंगमध्ये होतो. फोंड्याच्या बाजारात जागा शोधताना दोन्हींचा वैताग सारखाच, तिथे स्कूटरच बरी.

आता सेडानच्या पापांचा पाढा.

गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे: गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे तो हळूच चढतो नि हळूच उतरतो. असे गतिरोधक हमरस्त्यावर कुठे कुठे भेटतात. गावातले मात्र कुणी, कधी आणि कशासाठी घातले हे घालणाऱ्यालाच माहीत. उंची भरपूर आणि रुंदी वीतभर. अशा उंचवट्यावर पुढची चाकं पलीकडे उतरली आणि मागची अजून अलीकडे आहेत, त्या क्षणी मधलं पोट खाली येतं. तो २९६१ चा आकडा इथे नडतो. चाकांमधलं अंतर जितकं जास्त तितकं पोट टेकण्याची शक्यता जास्त. मागे तीन माणसं आणि डिकीत नारळांची गोणी असेल तर विचारूच नका. उपाय एकच, गाडी तिरकी घालायची, एकेक चाक चढवायचं. मागचा मोटारसायकलवाला शिव्या घालतो, घालू द्यायच्या. काही दिवसांनी आपल्या वाटेवरचे वाईट गतिरोधक पाठ होतात आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. पण नव्या गावात, रात्री, पावसात तो आवाज येतो आणि आतेभावाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो.

फेरीबोट. जुने गोव्याहून दिवाडीला आणि दिवाडीहून नार्व्याला आम्ही अधूनमधून जातो, सप्तकोटेश्वराला. ओहोटी असली की धक्क्यावरून फेरीत उतरायचा उतार तिखट होतो आणि सेडानचं नाक फेरीच्या पत्र्याला टेकेल की काय अशी धास्ती असते. फेरीवरचा माणूस हाताने "हळू, हळू, डावीकडे" करतो, मागचे लोक बघत असतात. एसयूव्ही तिथून काही झालंच नाही अशी उतरते. इथे तुलना करण्यात अर्थ नाही. रोज फेरी ओलांडून कामाला जाणाऱ्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल, त्याने एसयूव्ही घ्यावी.

पाणी साचलेला रस्ता. पुन्हा एसयूव्ही. जून-जुलैत सखल भागात, खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, कडेने जाणाऱ्या रस्त्यांवर पाणी किती आहे ते दिसत नाही, आणि सेडानमध्ये बसून ते आजमावायची हिंमत मला झालेली नाही. वळसा घालून गेलो आहे. मागच्या चाकांना जोर म्हणून पावसात घसरेल अशी भीती मेहुण्याने घातली होती. तशी ती घसरली नाही. शेवाळलेल्या चढावर एखाददुसऱ्या वेळी ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकला, तेवढंच.

इथपर्यंत गुण मोजले तर एसयूव्ही सरळ पुढे आहे. आणि अजून एक मोठा गुण तिच्याच नावावर जातो: म्हातारी माणसं. माझ्या आईचे गुडघे गेलेले आहेत. सेडानमध्ये बसताना तिला आधी खाली जावं लागतं, मग पाय आत घ्यावे लागतात. उतरताना तर हात द्यावाच लागतो. लांब आवृत्तीचा मागचा दरवाजा मोठा आहे, पाय आत घ्यायला जागा भरपूर आहे, पण बसायची पातळी खालीच. एसयूव्हीत सीट तिच्या कमरेच्या उंचीला येते. दाराला धरलं, पायरीवर पाय ठेवला, बसली. "ही बरी आहे रे," आई म्हणाली. मी मनात म्हटलं, ठरलं.

मग आम्ही बेळगावला निघालो.

बेळगावला मावशी आहे, त्यामुळे हा प्रवास आमच्याकडे नेहमीचा. अनमोड घाटातून अवजड वाहनं असतात म्हणून आम्ही चोर्ल्याने जातो. फोंड्याहून उसगाव, होंडा, साखळी, केरी. केरीला अंजुण्याच्या धरणाचं पाणी बाजूला दिसतं आणि मग घाट सुरू होतो. रस्ता अरुंद, वळणं एकापाठोपाठ एक, पावसात धुकं, आणि धबधबा दिसला की वळणावरच गाडी उभी करून फोटो काढणारे पर्यटक.

आईला गाडी लागते. लहानपणापासून लागते. बसच्या काळात ती पुढच्या सीटवर, खिडकीशी, हातात लिंबू घेऊन बसायची. आता पर्समध्ये आवळासुपारी आणि आलेपाक असतो. पण सेडानमधून आम्ही चोर्ला चढलो-उतरलो तेव्हा ती आवळासुपारी पर्समधून बाहेरच आली नव्हती, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. नसलेली गोष्ट कोण लक्षात ठेवतो? एसयूव्हीतून मात्र घाट अर्धा चढायच्या आत मागून आवाज आला, "जरा थांबव रे." गाडी बाजूला घेतली. काच खाली केली. पाणी प्यायली, पाच मिनिटं बसली, पुन्हा निघालो, पुन्हा तेच. मी विचारलं, काय होतंय नेमकं? म्हणाली, "होडीत बसल्यासारखं वाटतं."

तिने हे सहज म्हटलं, पण नेम अचूक लागला. मळमळीवरचा पुष्कळसा अभ्यास जहाजांवरच्या माणसांवरून झालेला आहे, आणि त्यातून पुढे आलेली गोष्ट अशी: शरीराला सर्वांत जास्त त्रास होतो तो सेकंदाला साधारण ०.२ आवर्तनांच्या हालचालीने, म्हणजे दर पाच सेकंदांत एक हेलकावा. पटकन बसणारे धक्के हाडांना लागतात, पोटाला तितके लागत नाहीत. पोट ढवळतं ते संथ डोलण्याने. घाटात डावं वळण, उजवं वळण, पुन्हा डावं, हा क्रम पडतो तो थोड्याफार याच तालात. उंच गाडी प्रत्येक वळणात बाहेरच्या बाजूला कलते, मग सावरते, मग दुसरीकडे कलते. शिवाय कलण्याचा कोन तोच असला तरी जो त्या कलण्याच्या अक्षापासून जास्त उंचावर बसलाय त्याचं डोकं जास्त सरकतं. ज्या उंचीवर मी भोमला खूश झालो होतो, तीच उंची चोर्ल्यात आईच्या पोटात जात होती. चालवणाऱ्याला ते कळत नाही. हातात स्टिअरिंग असतं, पुढचं वळण दिसत असतं, शरीर आधीच तयार होतं. मागे बसलेल्याला काहीच कल्पना नसते.

हे झाल्यावर मी एसयूव्हीला न्याय द्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला. आईला पुढे बसवलं. बरं वाटलं तिला, पण पूर्ण नाही. वेग कमी केला, इतका की मागून येणारे कर्नाटकचे टेम्पो हॉर्न मारायला लागले. थोडा फरक पडला. रिकाम्या पोटी नेलं, भरल्या पोटी नेलं, एसी वाढवला, एसी बंद करून काचा उघडल्या. गाडीतला स्पोर्ट मोड लावून बघितला, त्यात कलणं कमी होतं. पण मग केरीच्या आधीच्या फुटक्या रस्त्यावर नवाच प्रकार सुरू झाला. एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की अख्खी गाडी त्या बाजूला झटका खाते आणि डोकी खिडकीकडे फेकली जातात. उंच गाडी कलू नये म्हणून तिची डावी-उजवी चाकं जितकी घट्ट बांधावीत, तितका एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो. सैल ठेवलं तर होडी, आवळलं तर हिसके. बुटक्या गाडीला हा पेच मुळात कमी, कारण कलायला उंचीच नाही. ३३०एलआय काही कडक गाडी नाही, लांब केल्यावर ती मला तर मऊच वाटली, पण ती कलते तेव्हा थोडी कलते आणि एकदा कलली की वळण संपेपर्यंत तिथेच थांबते. मघाशी म्हटलं ते इथे कामाला येतं: स्टिअरिंग पुन्हा पुन्हा दुरुस्त करावं लागत नाही, म्हणून मागच्या माणसाला छोटे छोटे हेलकावेही बसत नाहीत. चाकांमधलं ते जास्तीचं अंतर आता बाजूने येतं, उंचवट्यांवर पुढे-मागे झुलणं कमी होतं.

हे सगळं मी कुठल्या यंत्राने मोजलेलं नाही. माझं यंत्र म्हणजे आईची पर्स, ती उघडली की नाही. शिवाय ही एकाच एसयूव्हीची गोष्ट आहे, साध्या स्प्रिंगांवरची. हवेचं सस्पेन्शन असलेल्या, किंवा विजेच्या मोटरने कलणं रोखणाऱ्या मोठ्या एसयूव्ही मिळतात, त्यांत कदाचित हा प्रश्न येणार नाही. पण त्यांची किंमत वेगळ्या घरात जाते आणि मी त्या घरात राहत नाही. आणि सगळ्यांनाच गाडी लागते असंही नाही. माझा मुलगा त्याच एसयूव्हीत तिसऱ्या रांगेत बसून घाटभर फोनवर गेम खेळला आणि बेळगावला उतरल्या उतरल्या कुंदा मागितला.

बायकोचं म्हणणं निराळंच आहे. तिच्या मते मला सेडान हवीच होती आणि आईचं नाव मी पुढे केलं. यात तथ्य नाही असं शपथेवर सांगणार नाही. पहाटे साखळी सोडल्यावर, घाटात अजून कुणी नसताना, त्या गाडीत जे होतं ते एसयूव्हीत होत नाही. वळणाच्या आधी हलका ब्रेक, गिअर आपोआप एक खाली, मग वळणाच्या मध्यावर पाय दाबला की मागची चाकं हळूच ढकलतात आणि गाडी पुढच्या सरळ रस्त्याकडे तोंड करून उभी असते. वेग फार नसतो. तिथे वेग घेण्याजोगा रस्ताच नाही. पण चाळीसनेही ती गाडी मजा देते, आणि मजा देण्यासाठी मागच्या माणसाला त्रास देत नाही, हे मला नवीन होतं. आधी मला वाटायचं की स्पोर्ट्स गाडी म्हणजे चालकाची चैन आणि बाकीच्यांची शिक्षा. आई मागे झोपली होती. मी आरशात बघितलं आणि उरलेला घाट जरा जास्तच मन लावून चालवला.

टायरांबद्दल सांगायला हवं, कारण सेडान घेणाऱ्याला हा खर्च कुणी आधी सांगत नाही. या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांना रनफ्लॅट टायर येतात. त्यांच्या बाजूच्या भिंती इतक्या मजबूत असतात की हवा गेली तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत, साधारण ८० किलोमीटर जाता येतं. चोर्ल्यात ही मोठीच सोय. मोबाइलला रेंज नसते, पंक्चरवाला नसतो, आणि अंधारात पावसात जॅक लावणं हे काम आता माझ्या कमरेचं राहिलं नाही. त्या टप्प्यात इकडे साखळी येते, तिकडे बेळगाव. पण त्याच मजबूत भिंतींमुळे खड्ड्याची धार आत जाणवते, आणि गावातला पंक्चरवाला असा टायर बघून हात वर करतो. नवा टायर मागवावा लागतो, तो महाग पडतो. काही लोक साधे टायर घालून डिकीत स्टेपनी ठेवतात. गाडी मऊ होते म्हणे. मी अजून धाडस केलेलं नाही. खड्ड्याची धार मला एकट्याला लागते, हेलकावे सगळ्यांना लागतात, असं स्वतःला समजावतो.

पैशांचं थोडक्यात. पूर्वी मोठ्या सेडानवर जीएसटीखेरीज २० टक्के सेस होता आणि एसयूव्हीवर २२. एसयूव्ही कशाला म्हणायचं यासाठी रिकाम्या गाडीची जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर, अशी अटही त्यात होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे, सेस गेला. तेव्हा कराच्या नावाने सेडानची बाजू घ्यायची सोय उरली नाही. पेट्रोल आपल्याकडे शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त आहे, बेळगावला जाताना टाकी इथेच भरून निघायचं. मायलेजचं विचारू नका. घाटात मी आकडा बघत नाही, आणि खाली उतरल्यावर तो बघण्यासारखा राहिलेला नसतो. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मात्र सेडानला मागणी कमी असते, सगळ्यांना उंच गाडी हवी असते. विकणाऱ्याचं दुःख ते घेणाऱ्याचं सुख. मी घेतलेली गाडी वापरलेलीच आहे, आतेभावाच्याच मॉडेलची, फक्त रंग वेगळा. तो सुट्टीवर आला तेव्हा दोन्ही शेजारी उभ्या केल्या आणि त्याने माझ्या गाडीच्या पोटाखाली वाकून बघितलं. मग स्वतःच्या गाडीच्या पोटाखालीही बघितलं. काही बोलला नाही.

तर तुमचं घर जर डांबरी रस्त्यापासून आत, कच्च्या वाटेवर असेल, किंवा पावसाळ्यात अंगणापर्यंत पाणी येत असेल, तर सेडानच्या नादाला लागू नका. फेरीचं सांगितलंच. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मुळीच वाकता येत नसेल तरीही एसयूव्ही. आई सेडानमध्ये बसते ती सीटवर एक जाड उशी ठेवून आणि माझा हात धरून. रोज चार वेळा चढ-उतार असती तर मी वेगळं ठरवलं असतं. आमचे प्रवास असे की एकदा बसली की दोन-तीन तास उतरायचंच नाही. चढणं-उतरणं एक मिनिटाचं, घाट तासाभराचा. माझ्यापुरतं गणित त्यातच सुटलं. सात माणसं न्यायची असतील तर प्रश्नच मिटला, सेडानमध्ये ती मावत नाहीत.

बाकीच्यांना एकच सुचवीन. टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. शोरूमचा मुलगा तुम्हाला हमरस्त्यावर सरळ नेऊन सरळ परत आणतो, झुआरीच्या नव्या पुलावर सगळ्याच गाड्या छान चालतात. घरातलं ज्याला गाडी लागते त्याला बरोबर न्या आणि मागे बसवा. मग आग्रह करून एखाद्या घाटरस्त्यावर न्यायला सांगा, निदान फर्मागुडीचा उतार आणि बोरीच्या बाजूची वळणं तरी. येताना तुम्ही स्वतः मागे बसा, फोन हातात घेऊन दोन ओळी वाचायचा प्रयत्न करा, आणि चालवायला दुसऱ्या कुणाला द्या. शोरूमवाल्याला हे विचित्र वाटेल. पण गाडी घेतल्यावर त्या मागच्या सीटवर तो बसणार नाही.